आजार म्हणावं तर

"आजार किती वर्षांचा?" समुपदेशक बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत पेन कागदावर टेकवून ठेवलं.

"आठ महिन्यांचा," ताई म्हणाली. "पोटात पाणी झालं तेव्हापासून."

"ते यकृताचं झालं. मी पिण्याचं विचारतेय."

घास चावून होत आलेला असावा आणि अचानक दाताखाली खडा यावा, तसं तिला झालं. बाईंनी काही वावगं विचारलं नव्हतं. त्यांच्या कागदावर तो रकानाच तसा होता. वर भावाचं वय, चव्वेचाळीस. खाली दात्याचं नातं, सख्खी बहीण. आणि मधे हा आजार, मधुमेह आणि रक्तदाब यांच्या शेजारी, जणू त्यांच्याच कुळातला. बावीस वर्षांत त्यांच्या घरात या गोष्टीला पुष्कळ नावं पडली होती. वडील 'थेरं' म्हणत. तिचा नवरा 'धंदे' म्हणे. शेजारीपाजारी 'नाद' म्हणत, त्यातले जरा सभ्य असतील ते 'व्यसन'. आई तर नावच घेत नसे. 'त्याचं ते' एवढंच म्हणायची, आणि तेही अशा आवाजात, जणू भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसलंय. ताईने स्वतः रागाच्या भरात एकदा 'माज' म्हटलं होतं. पण आजार कुणी म्हटलं नव्हतं. आजाऱ्याला बघायला जातात, त्याच्या उशाशी बसतात, औषधाची वेळ झाली की त्याला हलकेच उठवतात. भावाला, टिल्लूला, ती बावीस वर्षांत पुष्कळदा उठवायला गेली होती, पण हलकेच कधी उठवलं नव्हतं.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. बाईंनी आकडा लिहिला आणि पान उलटलं.

बाकी सगळं जुळलं होतं. रक्त जुळलं, आकार जुळला, तिच्या यकृताची चित्रं काढून झाली होती. त्यातला मोठा भाग कापून टिल्लूला बसवायचा. तीन-चार महिन्यांत तिच्या पोटातला उरलेला भाग वाढून जवळजवळ पूर्ववत होतो आणि त्याच्या पोटातलाही वाढतो. सर्जनने हे सांगितलं ते फांदी लावण्याबद्दल सांगावं इतक्या सहज. आता फक्त गुरुवारची समिती राहिली होती. तिघं जण तिला आणि टिल्लूला वेगवेगळं बसवून विचारणार होते, आणि मग तिने सही करायची, की हे मी माझ्या खुशीने देते आहे. उठताना बाईंनी फाइल बंद केली आणि तिच्याकडे न बघता, रोज दहा जणांना सांगावं तसं सांगितलं, "मनात काही असेल तर गुरुवारपर्यंत मला फोन करा. नाही म्हणालात तर आम्ही पेशंटला 'जुळलं नाही' एवढंच कळवतो. खरं कारण बाहेर जात नाही. तुमच्या भावालाही नाही."

जुळलं नाही. हे दोन शब्द घेऊन ती कामावर गेली. ती कवळ्या बनवत असे. चार टेबलं, एक भट्टी आणि खिडकीपाशी घासायचं यंत्र असलेल्या एका लांबट खोलीत तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. दंतवैद्यांकडून तोंडांचे ठसे येत, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढी, मेणात एकेक दात लावी, आणि ज्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं त्या माणसांना हसू परत पाठवून देई. ठशावरून माणूस कळतो असं तिला वाटे. झोपेत दात खाणारा कळतो, एकाच बाजूने चावणारा कळतो, आयुष्यभर गोड खाल्लेला तर लगेच कळतो. पण आजवर एकाही ठशासमोर बसून 'हे तू स्वतःच्या हाताने केलंस' असं तिच्या मनात आलं नव्हतं. दात गेले, दात बसवायचे. टिल्लूचे पुढचे दोन दात तिने दोनदा केले होते. पहिल्यांदा तो जिन्यावरून पडला म्हणाला, दुसऱ्यांदा काही म्हणाला नाही. त्या वेळी मात्र मेण वितळवताना तिच्या तोंडात शिव्या आल्या होत्या, आणि दात तिने मुद्दाम एक छटा पिवळे निवडले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही. तिच्या मात्र आजतागायत लक्षात होतं. तो हसला की तिची नजर आधी तिथे जायची.

यंत्रावर पॉलिशकाका होते. त्यांचं खरं नाव काय ते पगाराच्या पावतीवरच असेल. कवळी घासून चकचकीत करायची तर त्यांनीच, असा सगळ्या दंतवैद्यांचा आग्रह असे. एकेकाळी ते इतके प्यायचे की यंत्राच्या आवाजाने त्यांना उलटी व्हायची, आणि एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी ती सोडली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, कारण ते ती दर महिन्याला कुणाला ना कुणाला ऐकवत.

"काका, दारू हा आजार आहे का हो?"

काकांनी यंत्र बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. "कोण म्हणतं?"

"हॉस्पिटलवाले."

"त्यांना पेशंट पाहिजेत," काका म्हणाले. "आजार असता तर मी बरा कसा झालो? ना गोळी, ना सुई. एके दिवशी सकाळी बायकोने पातेलं फेकून मारलं, इथे सात टाके पडले. पट्टी बांधून घरी आलो आणि सोडली. मन घट्ट लागतं. आजार म्हणजे पळवाट आहे, ताई. तुझ्या भावाला आवडत असेल ऐकायला."

मन घट्ट लागतं. हे ती स्वतःही बावीस वर्षं म्हणत आली होती, आणि तरी आज ते तिला पचेना. कारण टिल्लूचं मन ढिलं होतं हे तिला कधी खरं वाटलंच नव्हतं. लहानपणी सार्वजनिक तलावावर दोघं जात. तो बुटका म्हणून त्याचं नाव टिल्लू पडलं. पुढे चांगला सहा फूट वाढला, तरी नाव तेवढंच राहिलं. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची मुलांची पैज लागे, आणि ताई काठावर बसून मोजे. शंभर झाले की मोठी मुलं वर येत. एकशे वीस, एकशे तीस, आणि खाली टिल्लू फरशीला चिकटून बसलेला, गाल फुगलेले, डोळे सताड उघडे. एकदा एकशे सत्तरला ती घाबरून किंचाळली होती. वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते, आणि तो म्हणाला होता, "अजून होतो मी." त्याच तलावावर पुढे तो पोहायला शिकवू लागला. ज्या मुलाला पाण्याची भीती, तो टिल्लूकडे द्यायचा, असं तिथे ठरून गेलं होतं. छाती फुटायची वेळ आली तरी तोंड न उघडणारा माणूस एका घोटासमोर तोंड उघडतो, तर ते मन कच्चं म्हणून उघडतो, हे गणित कुठेतरी चुकत होतं. पण ते कुठे चुकतं ते बघत बसायला तिला कधी सवड मिळाली नव्हती. एकतर तो पडलेला असे, नाहीतर तिला राग आलेला असे.

संध्याकाळी काम संपवून ती आणि काका एकदमच बाहेर पडले. स्टॉप डावीकडे, दोन मिनिटांवर. काका नेहमीप्रमाणे उजवीकडे वळले. शाळेच्या मागून, लाकडाच्या वखारीवरून वीस मिनिटांचा फेरा घालून ते त्याच स्टॉपवर येत. गुडघ्यांना चाल पाहिजे म्हणून ते असे जातात, अशी तिची इतकी वर्षं समजूत होती.

"काका, आज या ना इकडून. मला बोलायचंय जरा."

"इकडून नको," काका म्हणाले. "कोपऱ्यावर दुकान आहे."

कुठलं दुकान ते तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "एकोणीस वर्षं तुम्ही असे जाता?"

"वीस होतील. वास येतो तिथे."

"रस्त्यावर कसला वास येणार, काका? बाटल्या बंद असतात."

"तुला येत नाही," काका म्हणाले, आणि चालू लागले.

ती कोपऱ्यावर थांबली. दुकानाच्या काचेत रंगीत बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, एक बाई आत झाडत होती. ताईने मुद्दाम नाकाने श्वास घेतला. धूळ, डिझेल, कुणाच्या तरी केसांचं तेल. बऱ्या झालेल्या माणसाला फेरा कशाला घालावा लागतो? आणि फेरा घालावा लागतो म्हणून काका काही खोटे ठरत नाहीत. पातेलं खरं होतं, सात टाके खरे होते, सोडली तीही त्यांनीच. दोन्ही खरं असेल तर मग त्याला म्हणायचं काय?

घरी नवरा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होता. तो पाणीपुरवठा खात्यात होता, शहराखालचे पाइप आणि व्हॉल्व्ह त्याला स्वतःच्या हाताच्या शिरांसारखे पाठ. भांडायचा त्याचा स्वभाव नव्हता. म्हणून तो बोलू लागला की ताईला ऐकावं लागे.

"किडनी असती, अपघात असता, तर मी तुला हाताला धरून नेलं असतं," तो म्हणाला. "पण हे त्याने स्वतःच्या हाताने ओतलंय. गळक्या पाइपाला नवा तुकडा जोडायचा तर आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करतात. त्याचा व्हॉल्व्ह बंद झालाय हे सांगणार कोण? तू? की ती बाई?"

"आठ महिने थेंब नाही घेतलेला. रक्त तपासतात ते दर पंधरवड्याला."

"मरणाच्या भीतीने बंद आहे. तू भीती काढून घेतलीस की?"

तो टॉवेलची घडी घालत होता, मोडत होता, पुन्हा घालत होता. तोच टॉवेल. "आणि तुला काही झालं तर," तो म्हणाला, आणि टॉवेल बाजूला ठेवला. मग, "निदान शब्द तरी घे त्याच्याकडून. तुझ्यासमोर बसवून, डोळ्यांत बघून. पुन्हा हात लावणार नाही म्हणावं. तेवढं तरी."

मुलीने दूर गावाहून फोनवर वेगळंच सांगितलं. ती बावीस वर्षांची होती आणि तिला सगळं वाचून माहीत होतं. "आई, हा आजारच आहे, जगभर मानतात," ती म्हणाली. ताईला वाटलं, हिने तरी असं म्हणू नये. कारण हीच ती मुलगी, जी पाच वर्षांची असताना शाळेच्या पायरीवर सव्वासहापर्यंत बसून होती. टिल्लू तिला आणायला जातो म्हणाला होता. शाळा सुटते चारला. ताई धावत पोहोचली तेव्हा पोरगी रखवालदाराच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती आणि रखवालदाराची बायको तिची वेणी घालत होती. त्या दिवसानंतर ताई भावाशी दोन वर्षं एक शब्द बोलली नाही. "तुला आठवतं ना ते?" तिने विचारलं. "आठवतं," मुलगी म्हणाली. "मला मजा आली होती. त्या काकूंकडे मांजरीची पिल्लं होती." ताईने फोन ठेवला. इतकी वर्षं जिवापाड सांभाळून ठेवलेला राग, आणि जिच्यासाठी ठेवला तिलाच तो नको. त्याचं काय करायचं असतं?

आणि एक गोष्ट होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. वडील गेले तो दिवस. वडील तीन दिवस शेवटच्या घटका मोजत होते, आणि त्या तीन दिवसांत टिल्लूने आपणहून पिणं बंद केलं होतं. वडिलांच्या खोलीत तोंडाला वास घेऊन जायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी वडील गेले, माणसं जमू लागली, आणि टिल्लू दिसेना. तो न्हाणीघरात सापडला, फरशीवर, भिंतीला पाठ लावून. हात असे कापत होते की ते दुसऱ्या कुणाचे असावेत. अंगाला घामाच्या धारा. "ताई, भिंतीवरून किडे चाललेत," तो म्हणाला, "नाहीत ना? नाहीत हे मला माहितेय, पण दिसतायत." बाहेर कुणीतरी 'मुलगा कुठाय, मुलगा' म्हणत होतं. ताई मागच्या दाराने निघाली, चपला न घालताच. तिने आयुष्यात पहिल्यांदा ती बाटली विकत घेतली, पर्समधून आणली, न्हाणीघराची कडी लावली आणि त्याची हनुवटी धरून, लहान मुलाला औषध पाजावं तसं घोट घोट पाजलं. दातांवर बाटली कडकड वाजत होती. त्याचे दात, तिनेच केलेले. दहा मिनिटं गेली असतील. हात थांबले. चेहऱ्यावर रंग आला. तो उठला, तोंड धुतलं, सदरा बदलला, आणि बाहेर जाऊन दिवसभर सगळ्यांना सांभाळत राहिला. आईला धरून बसला. माणसं म्हणाली, मुलगा मोठा खंबीर निघाला. ताईने त्या दहा मिनिटांत जे पाहिलं होतं ते ताप उतरण्यासारखं होतं, दुसऱ्या कशासारखंही नव्हतं. आणि तिने ते पाहिलं म्हणूनच ती त्याच्यावर पुढे दुप्पट रागावली. कारण ते मान्य केलं असतं तर त्याआधीच्या सगळ्या रागाचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

बुधवारी दुपारी टिल्लूने बोलावलं म्हणून ती त्याच्याकडे गेली. आईवडिलांच्या माघारी तो त्याच दोन खोल्यांत राहत होता, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी बसला होता, सुजलेले पाय स्टुलावर, अंगाचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा. सहा फुटांचा माणूस खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता.

"चहा करू?" तो म्हणाला.

"तू बस. मी करते."

"ताई, आधी ऐक. उद्याचं बोलायचंय." तिने गॅस लावला, पाठ त्याच्याकडेच ठेवली. "वॉर्डात माझ्या शेजारी एक जण होता. त्याचं तीन भावांपैकी एकाशीही जुळलं नाही. तीन सख्खे भाऊ. आम्ही सगळे हसलो. तोही हसला. ते कसं कळवतात ते तिथे सगळ्यांना माहितेय. तेव्हा उद्या आपलं जुळलं नाही, तर मला समजेल. आणि मी रागावणार नाही. एवढंच सांगायला बोलावलं."

पाणी उकळायला लागलं. तिने साखर टाकली, मग आठवलं की त्याला साखर चालत नाही, आणि ते पाणी ओतून दुसरं ठेवलं.

"तुला वाटतं हा आजार आहे?" तिने विचारलं.

"बाई म्हणतात आहे. डॉक्टर म्हणतात आहे. मेंदूचं चित्र दाखवलं, कुठला दिवा कधी लागतो ते. मला ऐकून बरं वाटलं, ताई. इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली. पहिल्या घोटानंतर वाटायचं ना, अगदी तसं."

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर मग मी नुसता हलकट उरतो. आणि तेही खरं नाही गं." तो पायांकडे बघत होता. "पोरीला शाळेत विसरलो. आता ते आजाराने विसरलं म्हणू? विसरलो मीच. पण त्या दिवशी घरातून निघालो तर रस्ता ओलांडता येईना. पाय लटपटत होते. एक घोट घेतला तरच शाळेपर्यंत पोहोचेन, तिचा हात धरला तर माझा हात कापणार नाही, म्हणून घ्यायला गेलो. तिला आणायला जाता यावं म्हणून. हे तू कुणालाही सांग, हसतील."

ती हसली नाही. चहा गाळला. दोन कप घेऊन ती त्याच्यासमोर बसली आणि नवऱ्याने सांगितलं होतं तसं त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "एक शब्द दे मला. पुन्हा हात लावणार नाही म्हण."

"नाही देत."

"काय?"

"शब्द. पुष्कळ दिले. बाबांना दिले, आईला दिले, तुला तर किती ते मोजताही येणार नाहीत. आज प्यायलो नाही. उद्या पिणार नाही असं वाटतंय. त्यापुढचं मला दिसत नाही, ताई. तू स्वतःला कापून घेणार, आणि मी तुला खोटं कसं सांगू?"

तिला असा संताप आला की कप तिने खाली ठेवला तो आदळलाच. बावीस वर्षं न मागता शपथा घेणारा माणूस आज मागूनही एक देईना. आयुष्यात एकदा तरी ती काही मागत होती, तर त्याला आत्ताच हरिश्चंद्र व्हायचं होतं! ती पर्स उचलून निघाली. दोन जिने उतरली आणि तिसऱ्यावर तिचे पाय मंदावले. कुणाच्या तरी घरात शिवणयंत्र चालू होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. त्याच्या तोंडून आलेली सगळी वाक्यं तिला पाठ होती. त्यांना सगळ्यांना एक झालर लावलेली असे, थोडी विनवणीची, थोडी विनोदाची. आजच्याला काही लावलेलं नव्हतं. ते त्याच्या अंगासारखंच उघडं, पिवळं आणि थकलेलं होतं. आणि तिला कबूल करावं लागलं, की त्याचं हे पहिलं वाक्य असेल ज्यावर तिचा विश्वास बसला होता.

गुरुवारी नवऱ्याने रजा काढली. फाइल तो हातातून सोडत नव्हता. समितीच्या खोलीत एक सर्जन होते, एक वकीलबाई आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. दबाव आहे का, कुणी काही देऊ केलंय का, हे वकीलबाईंनी विचारून घेतलं. मग मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "मला एक विचारायचंय. तुमच्या भावाची ही अवस्था त्यांनी स्वतः ओढवून घेतली, असं तुम्हाला वाटतं, की हा आजार आहे असं वाटतं? कारण पुढे पश्चात्ताप होतो लोकांना."

चार दिवस ती जे मनात घेऊन झोपत-उठत होती तेच विचारलं गेलं होतं, आणि काहीतरी ठाम सांगावं अशी अपेक्षा होती.

"मला नाही ठरवता येत," ती म्हणाली. "सकाळी वाटतं आजार आहे, संध्याकाळी वाटतं नाही. त्यालाही ठरवता येत नाही. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं ठरलं तर मला सांगा. पण तुमचं-माझं ठरेपर्यंत तो राहायचा नाही."

"आणि ते पुन्हा प्यायले तर?" वकीलबाई म्हणाल्या.

"तर मला फार राग येईल."

"तेवढंच?"

"दिलेलं परत मागायची सोय आहे का तुमच्याकडे?"

सर्जन हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत, पण त्यांनी कागद पुढे सरकवला. ताईने सही केली. बाहेर नवरा उभाच होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून तो समजला आणि म्हणाला, "काही खाल्लं नाहीस सकाळपासून." बस्स, एवढंच.

शस्त्रक्रिया अकरा तास चालली. तिला सोळाव्या दिवशी घरी सोडलं, त्याला सव्वा महिन्याने. पोटावर उजवीकडे एक मोठी शिवण आली. खोकताना उशी धरून खोकावं लागे, आणि पहिले दोन महिने ती दुपारी अशी झोपे की नवरा मधून मधून येऊन श्वास बघून जाई. टिल्लूचे डोळे पांढरे झाले. "लोक भावाला नुसतं काळजाचा तुकडा म्हणतात," तो वॉर्डातल्या नर्सला सांगायचा, "आमच्या ताईने मोजून दिला." नर्स हसायच्या, ताईला शिवण ताणली जाते म्हणून हसता यायचं नाही. तलावावर त्याला पाण्यात उतरायची परवानगी नव्हती, पण आत जाणाऱ्यांची तिकिटं फाडायचं काम मिळालं. भित्र्या पोरांना तो काठावरूनच ओरडून शिकवायचा. दर सोमवारी समुपदेशक बाईंच्या बैठकीला जायचा. एक वर्ष गेलं. मग आणखी दोन महिने. ताईने आजार या शब्दाचा विचार करणं सोडून दिलं होतं. पाय बरा झाला की माणूस पायाचा विचार करत नाही, तसं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती मेणात दात लावत होती, तेव्हा फोन वाजला.

"ताई," टिल्लू म्हणाला, "मी प्यायलोय."

तिच्या हातातला दात मेणात वाकडा रुतला. आजवर हे तिने नेहमी शोधून काढलं होतं. वासावरून, लवंगेच्या वासावरून, तो जरा जास्तच सरळ चालतो त्यावरून. त्याने स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. तिला ते शब्द त्याच्या आवाजात ऐकायची सवयच नव्हती.

"किती?"

"पाव बाटली. उरलेली समोर आहे. ओतून टाकवत नाहीये. पिववतही नाहीये. नुसता बसलोय."

"का प्यायलास?"

"काही झालं नव्हतं. खरंच काही झालं नव्हतं, ताई. तेच तर."

"तिथेच बस," ती म्हणाली. पॉलिशकाकांना तिने फक्त हाताने खूण केली, आणि त्यांनी काही न विचारता तिच्या टेबलावरचा दिवा मालवला.

सबंध वाटेवर ती रागाने नुसती जळत होती. शिवणीच्या आत कुठेतरी, जिथे आता तिचं स्वतःचं पुन्हा भरून आलं होतं, तिथे तो राग बसला होता आणि बसच्या प्रत्येक धक्क्याला दुखत होता. माझं काढून दिलं मी. माझ्यावर ओततोयस. तीन जिने ती एका दमात चढली. तो खिडकीपाशी बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिने बाटली उचलली, मोरीत उपडी केली, नळ सोडला, आणि ते पाणी वाहत असताना त्याला जे बोलली ते जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मूर्ख म्हणाली, नालायक म्हणाली, नवऱ्याची रजा, मुलीची परीक्षा, अकरा तास, सगळं काढलं. तो ऐकत होता. मग तिने त्याचा सदरा आणला, एक बाही धरली, आणि बोलणं चालू असतानाच त्याचा हात तीत घातला.

हॉस्पिटलच्या बाहेरच्या दालनात गर्दी होती. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, एकमेकींना जोडलेल्या. टिल्लूच्या तोंडाचा वास पसरला तसा पलीकडचा म्हातारा उठून दुसरीकडे गेला, एका बाईने मुलाला मांडीवर घेतलं. ताईची खुर्चीही जरा सरकली असती, पण ती जोडलेली होती, आणि तिने सरकवायला बघितलंही नाही. आजारी माणसावर रागवायचं नसतं अशी तिची आजवरची समजूत होती. एकतर आजार म्हणायचं आणि राग गिळायचा, नाहीतर राग धरायचा आणि आजार म्हणायचं नाही. दोन्ही एकदम करता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता ती करत होती, आणि ते फारसं अवघडही नव्हतं. फक्त दमायला होत होतं.

"ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "फार रागावलीस?"

"हो."

"मग आलीस कशाला?"

समोरचं दार उघडलं आणि नर्सने आकडा पुकारला.

"तुझा नंबर आलाय," ताई म्हणाली. "ऊठ."